आवृत्ती कोणती, मशीन कोणतं? फायरफॉक्स आणि आपली अक्षरं

साहित्य मंडळाच्या अंकात ब्राउझरवर लेख कशाला, असं कुणी विचारेल. कारण साधं आहे. आपला अंक कागदावर निघत नाही. आत्ता हे वाक्य तुम्ही वाचताय ते क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये नाहीतर मोबाइलमध्ये आधीपासून असलेल्या कुठल्यातरी ब्राउझरमध्ये. तो ब्राउझर कोणत्या सालचा आहे आणि कोणत्या मशीनवर बसवलाय, यावर आपल्या कवितेतला ‘ऱ्या’ नीट दिसणार की मोडून पडणार हे ठरत असतं.

पुस्तकाच्या आवृत्तीला आपलं कपाट कसं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. दुसरी आवृत्ती आणली, ठेवली, वाचली. सॉफ्टवेअरची आवृत्ती मात्र आधी घर बघते. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर दोन गोष्टी जाहीर होतात: नवीन काय आलं, आणि हे कोणत्या विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर चालेल. बातम्या पहिल्या गोष्टीच्या होतात. माझ्या मते सावरगावसारख्या ठिकाणच्या माणसाने दुसरी गोष्ट आधी वाचायला हवी.

ज्यांना सावरगाव माहीत नाही त्यांच्यासाठी: जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे वर्षातून एकदा टीव्हीवर दिसतं तेच. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी. मराठी पुस्तक विकत घ्यायचं तर बहुतेक वेळा नागपूरच गाठावं लागतं. अशा गावात मराठी वाचायची सगळ्यात जवळची जागा म्हणजे स्क्रीन. म्हणून ती स्क्रीन आपली अक्षरं दाखवते की नाही, हा आमच्याकडे निव्वळ कॉम्प्युटरवाल्यांचा प्रश्न राहत नाही.

आणि हा प्रश्न नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ आपल्याला वर्गातून माहीत आहे. ते 1616 मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. ओव्या मराठी, लिपी रोमन. असं का, याचं उत्तर खुद्द फादरांनी 1608 च्या पत्रात दिलेलं आहे. इथल्या भाषेतली पुस्तकं इथल्याच अक्षरांत छापावीत अशी त्यांची फार इच्छा होती. पण रोमन लिपीला 24 साचे पुरतात, इथल्या अक्षरांना जवळजवळ 600 लागतील, हे कसं जमायचं? जमलं नाही. देवनागरी खिळ्यांनी मराठी छापायला पुढे 1805 साल आणि बंगालमधलं सिरामपूर उजाडावं लागलं. ‘ख्रिस्तपुराण’ देवनागरीत छापून यायला तर 1956 साल लागलं, शांताराम बंडेलू यांच्या संपादनात, पुण्याहून. (आमचा तालुका मध्य प्रदेशात राहिला तेच साल. योगायोग आहे, पण माझ्या डोक्यातून जात नाही.) आजच्या भाषेत सांगायचं तर मजकूर तयार होता, प्लॅटफॉर्मचा सपोर्ट नव्हता.

कॉम्प्युटरमध्ये ते 600 साचे कुठे गेले? कुठेच गेले नाहीत. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत ‘क्षि’ असं एक अक्षर साठवलं जात नाही. क, हलन्ताचं चिन्ह, ष आणि वेलांटी अशा चार सुट्या गोष्टी एकापुढे एक ठेवल्या जातात. त्यांची जोडणी करून, वेलांटी उचलून डावीकडे नेऊन आपल्याला ‘क्षि’ दाखवायचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं. ते करतात दोघं: अक्षरांचे आकार पुरवणारा फॉन्ट, आणि जोडणी करणारा एक छोटा प्रोग्राम. पूर्वी हा जोडणी करणारा प्रोग्राम ब्राउझरचा स्वतःचा नसायचा. विंडोजवर तो विंडोजचा, लिनक्सवर लिनक्सचा. ब्राउझर त्याच्याकडे हात पसरायचा. म्हणजे ब्राउझर कितीही चांगला असला तरी मराठी कशी दिसेल ते खालच्या मशीनच्या हातात. इथेच आवृत्त्यांचा इतिहास आपल्या भाषेला येऊन भिडतो.

आता तो इतिहास. जन्माच्या वेळी, सप्टेंबर 2002 मध्ये, फायरफॉक्सचं नाव होतं फिनिक्स. ते नाव आधीच एका कंपनीचं निघालं, म्हणून फायरबर्ड केलं. तेही एका डेटाबेसचं निघालं, म्हणून फेब्रुवारी 2004 मध्ये फायरफॉक्स. बारशाची ही भानगड सोडली तर महत्त्वाची तारीख 9 नोव्हेंबर 2004: आवृत्ती 1.0. विंडोज 98 पासून एक्सपीपर्यंत, शिवाय मॅक आणि लिनक्स, तिन्हीकडे ती पहिल्या दिवसापासून मिळत होती. गूगलचा क्रोम सप्टेंबर 2008 मध्ये आला तो फक्त विंडोजसाठी. मॅक आणि लिनक्सवाल्यांना नंतर मिळाला. फायरफॉक्सचा हा स्वभाव, म्हणजे जुनं मशीन आणि गरिबाचं मशीन लवकर न सोडणं, पुढे बराच टिकला.

पण 2004 मध्ये मराठी वाचणाऱ्याला फायरफॉक्सचा फारसा उपयोग नव्हता, आणि त्यात दोष फायरफॉक्सचा नव्हता. तेव्हा बहुतेक मराठी वृत्तपत्रांच्या साइट्स युनिकोडमध्ये नव्हत्याच. प्रत्येकाचा आपला फॉन्ट. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. पान उघडलं की फॉन्ट आपोआप उतरायचा, पण तो उतरवायची रीत इंटरनेट एक्सप्लोररची खासगी होती. एक्सप्लोररमध्ये अग्रलेख दिसायचा. फायरफॉक्समध्ये त्याच जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि टोप्या घातलेल्या चिन्हांची खिचडी. यावर उपाय म्हणून ‘पद्मा’ नावाचं एक जोडसाधन निघालं. ते फायरफॉक्समध्ये घातलं की अशा खासगी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. भारतीय भाषांसाठी फायरफॉक्समध्ये झालेल्या कामांपैकी हे मला सगळ्यात आवडतं. कुणा कंपनीची वाट न पाहता वाचकांनीच आपला चष्मा बनवला.

युनिकोडमधली साइट असली तरी एक्सपीवर आणखी एक पायरी होती. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या चौकटीत खूण करायची, मग विंडोजची सीडी घालायची, मग मशीन बंद करून परत सुरू. सीडी कुणाकडे असायची? खूण केली नसेल तर वेलांटी चुकीच्या जागी पडायची आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहायची. ‘विद्यार्थी’ हा शब्द तसा पाहिलेला माणूस तो विसरत नाही. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आधीपासून चालू मिळू लागली.

17 जून 2008 ला आवृत्ती 3 आली. ती पहिल्या 24 तासांत 80 लाख 2 हजार 530 वेळा डाउनलोड झाली आणि गिनीज बुकात नोंद झाली. लोक हा आकडा सांगतात. आपल्यासाठी त्या आवृत्तीतल्या दोन वेगळ्या गोष्टी मोलाच्या. चित्र आणि मजकूर रेखाटणारा आतला सगळा भाग नव्याने लिहिला गेला, त्यामुळे जोडाक्षरांच्या लिप्या अधिक नीट दिसू लागल्या. आणि त्याच आवृत्तीने विंडोज 98 ला निरोप दिला. म्हणजे देवनागरीला दार उघडलं त्याच दिवशी जुन्या मशीनला बंद झालं. ही अदलाबदल पुढेही होत राहिली, म्हणून ती लक्षात ठेवायची.

मोबाइलचं काय, असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडच्या बऱ्याच लोकांनी इंटरनेट पहिल्यांदा पाहिलं ते बटणाच्या नोकियावर आणि ऑपेरा मिनीत. ऑपेरा मिनी 2006 च्या जानेवारीत जगभर आला. त्या फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नसेल तर मराठी साइट म्हणजे चौकटींची रांग. पण एक गुपित होतं. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ हे इंग्रजीत टाइप करायचं, खाली जायचं, गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्र-अक्षरं वापरा या ओळीसमोर ‘यस’ करायचं. मग पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर तयार व्हायचं आणि अक्षरांची चित्रं फोनवर यायची. डेटा जास्त खायचं, पण मराठी दिसायची! स्टीफन्सना साचे मिळाले नाहीत. इथे साच्याचा प्रश्न टाळून सरळ छापील चित्रच पाठवलं.

जुलै 2010 मध्ये बंगळुरूच्या हिडन रिफ्लेक्स कंपनीने ‘एपिक’ काढला, भारतीय ब्राउझर म्हणून. मोझिलाच्याच पायावर उभा, भारतीय भाषांत टाइप करायची सोय आतच. चालायचा मात्र फक्त विंडोजवर. 2013 मध्ये तो पाया बदलून क्रोमियमवर गेला आणि भर भाषांवरून खासगीपणावर सरकला. उलट टोकाची गंमत जिओफोनची. 2017 च्या त्या स्वस्त फोनमधली कायओएस ही मोझिलाच्या बंद पडलेल्या फायरफॉक्स ओएसमधून निघालेली. फायरफॉक्सचं नावही न ऐकलेल्या कितीतरी घरांत फायरफॉक्सचं इंजिन असं पोचलं.

आता फायरफॉक्सचा मराठी चेहरा. म्हणजे फक्त साइट नाही, तर मेनू, बटणं, सूचना मराठीत. अशी मराठी आवृत्ती 3.x च्या काळात मिळू लागली. हे भाषांतर स्वयंसेवक करतात. तोपर्यंत नवी मोठी आवृत्ती वर्षा-दीड वर्षाने यायची: 1.5 नोव्हेंबर 2005 मध्ये, 2.0 ऑक्टोबर 2006 मध्ये, 3 जून 2008 मध्ये. भाषांतर करणाऱ्याला महिनेच्या महिने मिळायचे. ‘बुकमार्क’ला ‘वाचनखूण’ म्हणावं का, यावर निवांत वाद घालता यायचा. (म्हणावं. सुंदर शब्द आहे. ‘फाइल’ला ‘धारिका’ मात्र नको, फाइल आता आपलीच झालीय.)

मार्च 2011 मध्ये आवृत्ती 4 आली आणि तीन महिन्यांत, 21 जूनला, आवृत्ती 5. तिथून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती, आणि 2020 पासून दर चार आठवड्यांनी. लोक आकड्यांना हसले, एवढ्या आवृत्त्या कशाला म्हणून. पण भाषेच्या बाजूने पाहिलं तर हसण्यासारखं नाही. दर चार आठवड्यांनी नवी वाक्यं येतात. ज्या भाषेकडे भाषांतर करणारे भरपूर आहेत ती पाय उचलत राहते. ज्या भाषेकडे दोन-चार आहेत ती मागे पडते, आणि भाषांतर न झालेलं वाक्य त्या जागी इंग्रजीत दिसतं. कुणी मराठी काढून टाकत नाही, ती एकेक बटण करत पातळ होत जाते. बोलीचं पण असंच होतं असं आमच्या गावाकडे बघून वाटतं, पण तो वेगळा लेख.

या धावपळीत जुन्या मशीनवाल्यांसाठी मोझिलाने एक सोय ठेवली. जानेवारी 2012 मध्ये, आवृत्ती 10 पासून, ईएसआर नावाची वेगळी शाखा सुरू झाली. हिला नवे नखरे मिळत नाहीत, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. शाळा-कॉलेजच्या लॅबसाठी ती काढलेली, पण खरा उपयोग झाला जुनं विंडोज चालवणाऱ्यांना. एक्सपी आणि व्हिस्टासाठी शेवटची फायरफॉक्स म्हणजे मार्च 2017 ची 52 ईएसआर. दुरुस्त्या 2018 पर्यंत मिळाल्या. क्रोमने एक्सपी सोडलं होतं 2016 मध्येच. विंडोज 7 चंही तेच. क्रोमची 109 ही शेवटची आवृत्ती, फेब्रुवारी 2023 च्या 110 पासून बंद. फायरफॉक्सने जुलै 2023 च्या 115 ईएसआरवर विंडोज 7, 8 आणि 8.1 वाल्यांना आपोआप नेऊन बसवलं. दुरुस्त्या देण्याची मुदत आधी सप्टेंबर 2024 सांगितली, मग पुढे ढकलत 2026 मध्ये नेली. पांढुर्णा-सौंसरकडे फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत, टायपिंगच्या क्लासमध्ये विंडोज 7 अजून भेटतं. तिथे 115 ईएसआर हा माझ्या मते सगळ्यात शहाणा पर्याय ठरला. पण मुदत ती मुदतच. ती संपल्यावर त्या मशीनवर बँकेचं काम करू नये.

‘मग त्यावर लिनक्स टाका’ असा सल्ला नेहमी दिला जातो, मीही देते. पण त्यालाही आता एक अट लागली आहे. नोव्हेंबर 2025 च्या आवृत्ती 145 पासून फायरफॉक्सने 32-बिट लिनक्स सोडलं. तिथे काही काळ 140 ईएसआर एवढाच आधार. त्यामुळे आधी प्रोसेसर बघा. कोअर टू ड्युओ असेल तर तो 64-बिट आहे, चिंता नाही. विंडोज 10 वाल्यांनी घाबरायचं कारण नाही: मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2025 मध्ये नेहमीचा आधार थांबवला तरी फायरफॉक्स त्यावर चालू ठेवणार असं मोझिलाने सांगितलेलं आहे. आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे ते बघायला पत्त्याच्या जागी इंग्रजीत ‘अबाउट:सपोर्ट’ टाइप करा. आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीम दोन्ही तिथे लिहिलेलं असतं.

मशीन झालं, आता परत अक्षरांकडे, कारण तीन अक्षरं अजून त्रास देतात.

पहिलं ‘ॲ’. हे युनिकोडमध्ये 2008 च्या 5.1 आवृत्तीत आलं. त्याआधी तयार झालेल्या फॉन्टमध्ये ते नाही, म्हणून एक्सपीवर त्याच्या जागी रिकामी चौकट. लोक त्याऐवजी ‘ऍ’ लिहायचे, अजूनही लिहितात. आपल्या चर्चच्या पत्रकात ॲग्नेस, ॲन्थनी, ॲन अशी मंडळी किती असतात ते आठवा. जुन्या मशीनवर अर्धे संत चौकटीत!

दुसरं ‘ऱ’. ‘आचार्यांना जेवायला वाढा’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला वाढा’ यात पंगत उलटी होते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. हिंदीला या फरकाची गरज नाही, त्यामुळे हिंदीपुरतं तपासलेलं सॉफ्टवेअर इथे हमखास घसरतं. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ‘ऱ’ शिफ्ट दाबून ‘जे’वर आहे आणि ‘ळ’ शिफ्ट दाबून ‘एन’वर. हिंदी कीबोर्ड लावलेल्या मशीनवरही दोन्ही आहेत. आमच्याकडच्या टायपिंग शिकणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

तिसरा प्रकार ‘ल’ आणि ‘श’चा. मराठीचा ल पाकळ्यांचा, हिंदीचा उभ्या दांडीचा. श चंही तसंच. महाराष्ट्र सरकारने 2009 च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिला. सावरगावचं पोरगं शाळेच्या हिंदी पुस्तकात एक ल बघतं, नागपूरच्या पेपरात दुसरा. युनिकोडमध्ये दोघांचा क्रमांक एकच. मग ब्राउझरने कोणता दाखवायचा? आजचा फायरफॉक्स पानाची भाषा वाचतो. पानाच्या आतल्या मजकुरात भाषेची खूण ‘एमआर’ अशी दिलेली असेल आणि फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतील, तर मराठी ल उमटतो. खूण हिंदीची असेल किंवा दिलेलीच नसेल, तर फॉन्टचा जो मूळचा आकार असेल तो, आणि तो बहुधा हिंदीचाच असतो. आता जोडणी करणारा प्रोग्राम फायरफॉक्स आपल्याबरोबरच आणतो, हार्फबझ नावाचा. त्यामुळे 2004 सारखं खालच्या विंडोजकडे हात पसरावा लागत नाही. निर्णय पान बनवणाऱ्याच्या हातात आला आहे, म्हणजे आपल्याच.

तेव्हा अंकाच्या तांत्रिक बाजूचं बघणाऱ्यांना दोन विनंत्या. पुढच्या अंकाच्या प्रत्येक पानावर ‘एमआर’ची खूण आहे का ते तपासावं, आणि अंक बाहेर पडण्याआधी तो एकदा विंडोज 7 वरच्या 115 ईएसआरमध्ये उघडून बघावा, ‘आचाऱ्यांना’ हा शब्द चाचणीला चांगला आहे. आणि ज्यांना ‘वाचनखूण’सारख्या शब्दांवर भांडायला आवडतं त्यांच्यासाठी: फायरफॉक्सचं भाषांतर मोझिलाच्या पाँटून या साइटवर चालतं. खातं काढलं की कुणालाही शब्द सुचवता येतो, आणि मराठीचे जाणकार तो तपासून घेतात. मराठीच्या पानावर भाषांतराची वाट बघणारी वाक्यं यादीने दिसतात.